नकाशाआधीची मसलत



जिच्या आयुष्यातील पस्तीस वर्षे प्रसूतिकक्षाच्या उंबरठ्याआत गेली, तिला अध्यक्षस्थानी बसवून आपण जो गौरव केलात तो मी कृतज्ञतेने स्वीकारते. मात्र त्याविषयी अधिक न बोलता, स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी उभारावयाच्या नव्या रुग्णालयाची आखणी हा जो विषय या परिषदेने चर्चेला घेतला आहे, त्याकडेच वळणे मला उचित वाटते. माझे म्हणणे एकच आहे. इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी, किंबहुना कागदावर पहिली रेघ उमटण्यापूर्वी, जिला त्या इमारतीत कळा सोसायच्या आहेत, जिला तिथे आजारी लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढायची आहे, तिच्याशी मसलत झाली पाहिजे. आणि ती मसलत केवळ दप्तरी नोंद व्हावी एवढ्यापुरती नव्हे, तर तिच्या शब्दाने भिंत हलेल अशी झाली पाहिजे.

स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय ही कल्पनाच मुळी आपल्याकडे समाजाच्या मागणीतून जन्मली, हे आपण जाणता. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी यांनी १८८३ च्या सुमारास स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी जमवण्यास आरंभ केला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपयांची देणगी दिली, आणि रुग्णालयाचा कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हाती राहील या कराराने १८८६ साली कामा रुग्णालयाचे दरवाजे उघडले. एडिथ पीची या विदुषीने तेथील वैद्यकीय जबाबदारी पत्करली. ज्या काळी पुरुष वैद्याला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या, त्या काळी एवढी एक अट रुग्णालयाच्या स्वरूपात केवढे परिवर्तन घडवू शकली, याचा विचार केला की मन थक्क होते. पुढे परळच्या गिरणगावात कामगारांच्या बायकांसाठी १९२६ साली वाडियांचे प्रसूतिगृह आणि १९२९ साली मुलांचे रुग्णालय उभे राहिले, त्यांचीही पुण्याई थोर आहे. परंतु या सर्व हकिकतीत समाज म्हणून जो बोलला तो दात्यांचा आणि धुरीणांचा समाज होता. जी खाटेवर निजणार होती तिची जबानी, माझ्या माहितीप्रमाणे, कोणी घेतली नाही.

एक व्यक्ती मात्र अशी होती की जी खाटेवरही निजली होती आणि खाटेशेजारी डॉक्टर म्हणून उभी राहण्याची योग्यताही जिने मिळवली होती. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ साली पदवीधर झाल्या, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाची सूत्रे त्यांच्याकडे सोपवण्याचा हुकूम निघाला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अंत झाला आणि तो कक्ष त्यांना चालवता आलाच नाही. त्या जगत्या तर त्यांनी त्या कक्षातली खाट कोठे सरकवली असती, बाळाचा पाळणा कोठे ठेवला असता, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे.

आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या अरण्यात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक निष्ठावंत प्रयत्न झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासी बांधवांना दवाखान्यात न येण्याचे कारण विचारले, तेव्हा जी कैफियत पुढे आली ती कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही. तुमचे डॉक्टर आणि परिचारिका पांढरी वस्त्रे नेसतात, आम्ही पांढरे वस्त्र प्रेताला गुंडाळतो. तुम्ही आजाऱ्याला नातलगांपासून तोडता. तुमच्या मजल्यांच्या इमारतीत आमचा जीव घाबरा होतो. अशा आशयाचे ते बोलले, आणि बंग दांपत्याने त्यांचे ऐकले. त्यांच्या शोधग्राम या संस्थास्थळी दवाखाना उभा राहिला तो गोंडी गावाच्या वस्तीसारखा, सुट्या सुट्या कुट्यांचा, नातलगांना आजाऱ्याजवळ राहता येईल असा. आणि त्याला नाव मिळाले ते दंतेश्वरी मातेचे. भीती हा रोगाइतकाच गंभीर अडथळा असतो आणि तो भिंतींच्या रचनेतून दूर होऊ शकतो, एवढे त्या कुट्यांनी सिद्ध केले आहे.

आता माझ्या अनुभवाकडे येते. सेवानिवृत्तीच्या काही वर्षे आधी एका जिल्ह्याच्या ठिकाणी शंभर खाटांच्या नव्या स्त्री रुग्णालयाची तजवीज चालू असता सल्लागार समितीत माझी नेमणूक झाली होती. लोकांचे मत घ्यावे अशी सूचना मी केली, ती बिनतक्रार मान्य झाली आणि एक जाहीर सभा भरली. त्या सभेत दोन तास पुरुष बोलले. कोणाला प्रवेशद्वारी कमान हवी होती, कोणाला दर्शनी भागी संगमरवर, कोणाला वाहनतळ मोठा. मागच्या सतरंजीवर बसलेल्या साठ-सत्तर बायकांपैकी एकीनेही तोंड उघडले नाही. समाजाला विचारले याचा अर्थ बायकांना विचारले असा होत नाही, हा धडा मी त्या दिवशी घेतला, आणि पुढच्या बैठका आशा स्वयंसेविकांच्या ओसरीवर, दुपारी, भांडीकुंडी आटोपल्यावर घेतल्या.

तेथे ज्या गोष्टी निघाल्या त्यांत कमान नव्हती. पहिली मागणी गरम पाण्याची होती. दुसरी, बाळाची दुपटी-लंगोट वाळत घालायला ऊन येईल अशा जागेची. कारण खिडकीच्या गजांवर दुपटी टाकली की वॉर्डातल्या आया ओरडतात, आणि न टाकावी तर ओल्या दुपट्यात बाळ गारठते. तिसरी मागणी कोपऱ्यात बसलेल्या एका तिशीतल्या बाईने केली, तीही मान खाली घालून. ती म्हणाली, “बाई, जिचं लेकरू गेलंय तिला दुसऱ्यांच्या लेकरांत निजवू नका. माझं गेलं तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना पाळणे होते. छाती दुधानं भरून यायची.”

मित्रहो, मृत बालक जन्मलेल्या मातेला बाळंतिणींच्या रांगेतच खाट देण्याची वहिवाट मी ज्या इस्पितळात नोकरी केली तेथे वर्षानुवर्षे चालू होती. मी स्वतः रोज सकाळी त्या रांगेतून फिरले होते, तपशीलवार नोंदी लिहिल्या होत्या, आणि त्या खाटेपाशी कधी थांबून हा विचार केला नव्हता. माझ्या सर्व शिक्षणाला जे सुचले नाही ते त्या बाईने एका वाक्यात सांगितले. नव्या नकाशात बाळंतिणींच्या कक्षापासून दूर, स्वतंत्र दाराच्या दोन खोल्या घातल्या गेल्या, त्या तिच्या शब्दावर.

कागदावरचा नकाशा सर्वांना वाचता येत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुष्कळ डॉक्टरांनाही तो वाचता येत नाही. म्हणून आमच्या तरुण वास्तुविशारदाने एक युक्ती काढली. रिकाम्या पटांगणात खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून, फक्कीने साऱ्या खोल्या खऱ्या मापाने जमिनीवर आखल्या आणि बायकांना त्यांतून चालायला लावले. सात महिन्यांची एक गर्भार स्त्री बादली घेऊन न्हाणीघराच्या चौकोनात शिरली, आणि मागोमाग तिची सासू शिरू लागली तेव्हा पांढरी रेघ दोघींच्या पायांखाली पुसली गेली. “पोटाला टाके असताना एकटी जाईल का ती?” असे सासूबाईंनी विचारले, वास्तुविशारदाने तेथेच गुडघ्यांवर बसून रेघ दोन फूट पलीकडे सरकवली आणि भिंतीला धरायच्या दांड्याची खूण केली. प्रसूतिकक्षाच्या रेघेशी वीस वर्षे नोकरी झालेली एक आया उभी राहिली आणि म्हणाली, “दार उघडलं की पहिलं काय दिसणार, ते बघा जरा.” प्रसूतीच्या टेबलाचे पाय दाराकडे होते. जिची लाज त्या दारातून क्षणोक्षणी उघडी पडणार होती तिच्या बाजूने तेव्हाही कोणी अभियंता बोलला नाही, ती आया बोलली. टेबल फिरवले गेले. त्यासाठी एक पैसाही जास्त लागला नाही.

त्याच पटांगणात एका मावशीने बाळंतिणीच्या खाटेपासून नवजात अतिदक्षता कक्षापर्यंतची पावले मोजली. ती एकशे दहा भरली. दिवसातून आठ वेळा दूध पाजायला जाणे-येणे म्हटले तर टाके घातलेल्या बाईने दिवसाकाठी पावणेदोन हजारांवर पावले चालायची. या मोजणीला शास्त्राचाही भक्कम आधार आहे. १९७८ साली बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, कमी वजनाची अर्भके मातेच्या उराशी बांधून वाढवण्याची पद्धत सुरू झाली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतील रुग्णालयांत चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात जन्मानंतर लगेच आईच्या उराशी ठेवलेल्या अशा बाळांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १२ होते, तर प्रकृती स्थिर होईपर्यंत वेगळ्या ठेवलेल्या बाळांत ते शेकडा १५.७ होते. आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत असल्याखेरीज जन्मताच उराशी ठेवण्याची ही पद्धत अंमलात आणणे अवघड आहे. म्हणजे हा प्रश्न जितका औषधाचा तितकाच चौरस फुटांचा आहे, आणि मावशीने तो पावलांत मांडला होता.

लोक मागतील ते सर्व द्यावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी बाळंतिणीच्या खाटेखाली शेकशेगडीची परवानगी मागितली. ती आम्ही साफ नाकारली, पण नाकारून उठून गेलो नाही. प्राणवायूच्या नळ्या कोठून जातात आणि ठिणगीने काय होते ते समजावून सांगितले. तेव्हा त्यांच्यापैकीच एकीने भंडाऱ्याची आठवण काढली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा अर्भके प्राणास मुकली, ते दुःख या राज्यातील कोणतीही आई विसरलेली नाही. “मग तुमच्या या खोलीला दुसरं दार कुठाय?” असे तिने विचारले, आणि आम्ही फक्कीच्या रेघांकडे पाहू लागलो. दार एकच होते, तेही आतल्या बोळात उघडणारे. शेगडी नाकारणाऱ्या तज्ज्ञांना दार दाखवले ते शेगडी मागणाऱ्या स्त्रियांनी. बाहेर मोकळ्या अंगणात उघडणारे दुसरे दार तेथे झाले, आणि शेगडीच्या ऐवजी दक्षिणेकडे, हिवाळ्याचे ऊन दिवसभर मिळेल असा, बाळंतिणींसाठी आडोशाचा व्हरांडाही झाला.

वेळ जातो, ही हरकत मी पुष्कळदा ऐकली आहे. आमचे अडीच महिने गेले. त्याच सुमारास दुसरीकडे मसलतीवाचून बांधलेल्या एका इमारतीची न्हाणीघरे पहिल्याच वर्षी फोडावी लागल्याचे मी पाहिले आहे. त्या तोडफोडीची दरखास्त मंजूर होण्यातच त्याहून अधिक काळ गेला. रुग्ण कल्याण समित्या जागोजाग आहेत, त्यांच्या बैठकाही होतात. पण तेथे सहसा निधीचा हिशेब होतो, इमारतीचा विचार क्वचित होतो, आणि सफाई करणारी बाई तर तेथे मला कधी दिसली नाही. पाणी कोठे तुंबते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी अशी मुभा २०१६ सालीच केंद्र सरकारने दिली आहे. तरी ती सोबतीण बसणार कोठे, याची तरतूद नकाशात नसेल तर त्या फर्मानाचा लाभ बाईपर्यंत कसा पोहोचावा?

या परिषदेकडे माझी मागणी म्हणून मर्यादित आहे. यापुढे स्त्रिया आणि बालके यांच्या कोणत्याही रुग्णालयाच्या दरखास्तीला एक कागद जोडलेला असावा. त्यावर कोणकोणत्या बायकांशी, कोणत्या दिवशी, कोठे बसून बोलणे झाले, त्यांनी काय मागितले, त्यातले काय मान्य झाले, काय अमान्य झाले आणि का, एवढा मजकूर असावा. त्यांचे अंगठे आणि सह्या त्यावर असाव्यात. असा ठराव उद्या मांडला जाईल. त्याला आपण मनापासून पाठिंबा द्याल अशी मला आशा आहे.

शेजारच्या दालनात या जिल्ह्याच्या नियोजित रुग्णालयाचा नकाशा मांडला आहे, आणि मागील पटांगणात तो फक्कीने आखलाही आहे. आसपासच्या पाच गावांतील चाळीसेक स्त्रिया तो पाहण्यासाठी सकाळपासून आल्या आहेत. त्यांपैकी काही आता या सभागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या मला दिसत आहेत. त्यांची परतीची एस.टी. पाच वाजता सुटते. तेव्हा माझे भाषण मी येथेच थांबवते, आणि आपणा सर्वांना विनंती करते की चहाला जाण्यापूर्वी त्यांना वाट करून द्यावी, आणि आपल्या वह्या-पेन्सिली घेऊन त्यांच्या मागून पटांगणात यावे.