दुबईचे पैदाशीचे घोडे

शर्यत गाजवलेला घोडा निवृत्त झाला की पैदाशीसाठी ठेवला जातो. शर्यतीच्या घोड्यांच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही. घोडी नराकडेच न्यावी लागते. दुबईचे शासक शेख मोहम्मद यांची ‘डार्ली’ संस्था म्हणूनच आपले नामांकित नर इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा घोड्यांच्या कुरणप्रदेशांत ठेवते. त्यांच्या ‘दुबई मिलेनियम’ या घोड्याने २००० साली दुबई वर्ल्ड कप ही शर्यत घोड्याच्या सहा लांबींच्या अंतराने जिंकली. पैदाशीच्या पहिल्याच हंगामात, २००१ मध्ये, तो ‘ग्रास सिकनेस’ या रोगाने दगावला. केवढी मोठी हानी! पण त्या एकाच हंगामातून जन्मलेल्या ‘दुबावी’ने वंश तारला. इंग्लंडमधील न्यूमार्केटला त्याच्याकडून घोडी फळवण्याचे शुल्क २०२३ मध्ये साडेतीन लाख पौंड होते.