जुना संगणक, नवा कारभारी



संगणकावर बोलायला एखादा इंजिनिअर बोलावला असता तर ते रीतीला धरून झाले असते. मी नववीत शाळा सोडून यंत्रमागावर उभा राहिलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, गरज पडेल तसे. पण चालकांनी दिलेला विषय माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून होकार दिला. आमच्या कचेरीतल्या संगणकाच्या पोटात कामगारांच्या हजेऱ्या आहेत, प्रॉव्हिडंट फंडाचे खाते क्रमांक आहेत, जुन्या करारांच्या नकला आहेत. वीस-बावीस वर्षे राबलेल्या माणसाचा ग्रॅच्युइटीचा दावा पुष्कळदा अशाच एखाद्या नोंदीवर उभा असतो. तेव्हा या यंत्रात काय बदलायचे आणि काय नाही, हा आमच्यासाठी हौसेचा प्रश्न नाही.

संगणकाचे यंत्र वेगळे आणि त्याचा कारभारी वेगळा, हे आधी ध्यानात घ्यावे. शेडमध्ये माग असतात, वीज असते, सूत असते. पण कोणत्या मागावर काय चढवायचे आणि कोणता थांबवायचा हे पाहणारा नसेल तर कापड निघत नाही. संगणकातला हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत तो मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचा असतो व त्याचे नाव विंडोज. त्याची दहावी आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची मोफत देखभाल थांबवली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. फक्त त्यानंतर त्यात एखादी चोरवाट सापडली, तर ती फुकट बुजवून देणारा कोणी उरला नाही.

यावर कंपनीचे उत्तर असे, की विंडोज ११ घ्या. ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाली, आणि विंडोज १० असलेल्यांना ती फुकट मिळते. पण सर्वांना मिळत नाही. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण एवढी अट बहुतेक यंत्रे सहज पाळतात. खरी मेख पुढे आहे. टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय यंत्रात हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत, काही थोडे अपवाद सोडले, तर ही यादी आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून सुरू होते. २०१६ साली घेतलेला, अजून खणखणीत चालणारा संगणक कागदावर बाद!

मागवाल्यांना हे नवे नाही. १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयनाची निधी योजना आणली आणि साधा माग बघता बघता जुना म्हणवला जाऊ लागला. त्यावर निघणारे कापड आदल्या दिवशीइतकेच घट्ट होते. बिनधोट्याचा माग जलद चालतो, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्र जुने ठरवणारा एक आणि त्याचा खर्च सोसणारा दुसरा असला, म्हणजे सोसणाऱ्याने प्रत्येक अट नीट वाचून घ्यावी, हे मी शेडमध्ये शिकलो आणि ते इथेही लागू पडते.

यावरून कोणी म्हणेल, की मग आहे तेच चालू द्या. मी त्याच्या बाजूचा नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची लागण जगभर पसरली. ती संगणकातले कागद कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ज्या चोरवाटेने ती शिरली ती बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले, आणि त्यात इंग्लंडची सरकारी रुग्णालयेही होती. पुढच्याच महिन्यात, इतर मार्गांबरोबर तीच वाट वापरणारी दुसरी लागण आली व आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कटले. तेव्हा देखभाल संपलेला संगणक इंटरनेटला जोडून त्यावर कामगारांची खाती ठेवणे हा बेजबाबदारपणा आहे.

मग करावे काय? प्रथम दुकानदाराकडे धावू नये. कंपनीचाच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे. आपले यंत्र कोणत्या अटीत अडते ते तो सांगतो. पुष्कळदा टीपीएम यंत्रात असते, पण बंद ठेवलेले असते. संगणक सुरू होतानाच्या बायॉस या पडद्यावर, इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाखाली ते सापडते व चालू करता येते. मात्र बिटलॉकरचे कुलूप लावलेले असेल, तर बायॉसला हात लावण्यापूर्वी त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्या. नाहीतर यंत्र दार उघडणार नाही. यादीत नसलेल्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारेही भेटतात. अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी घेत नाही. घरी हौसेने करा. संस्थेच्या कचेरीत नको.

नवे काही चढवण्याआधी सर्व कागदांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि एक नक्कल कचेरीबाहेर ठेवावी. नक्कल घेतली म्हणजे झाले असे नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आणि इथेच मराठी माणसाची खास अडचण उभी राहते. युनिकोड अंगवळणी पडण्यापूर्वी आपण वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉण्ट वापरून टंकलेखन केले. त्या कागदांत खरे पाहता इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. फॉण्ट आहे तोवर ‘ठराव’ दिसतो, आणि फॉण्ट गेला की तिथे निरर्थक खुणांचा ढिगारा दिसतो. फॉण्ट नव्या आवृत्तीतही बहुधा बसतो; पण तो चालवणारा जुना प्रोग्राम आणि त्याची यंत्राला खोचायची किल्ली चालेलच असे नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच सगळे युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकतात, तेव्हा कामगारांची नावे तरी माणसाने डोळ्यांनी तपासावीत. नावात एक अक्षर चुकले तर फंडाच्या कचेरीत किती फेऱ्या होतात, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला वेळ लागतो. दोन तरुण कार्यकर्ते एकासमोर एक बसवावेत. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे.

तीच गोष्ट पगारपत्रकाच्या जुन्या प्रोग्रामांची. डॉसच्या काळातले १६ बिटी प्रोग्राम ३२ बिटी विंडोज १० वर कसेबसे चालत. विंडोज ११ ही ६४ बिटीच आहे. तिच्यावर ते मुळीच चालत नाहीत. त्यातली माहिती आधी साध्या तक्त्यात काढून ठेवावी. एवढे करून नवी आवृत्ती चढवली आणि पटली नाही, तर दहा दिवसांच्या आत जुनीकडे परतता येते. त्या दहा दिवसांत प्रिंटरपासून शिक्क्याच्या पत्रापर्यंत सर्व कामे करून पाहा.

यंत्र यादीत बसतच नसेल तर? कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव देखभाल देऊ केली. तिची किंमत ३० डॉलर, किंवा काही अटींवर फुकट. संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. ही मुदतवाढ आहे, सुटका नव्हे. दुसरी वाट लिनक्सची. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून ती वाढवली. आपल्या सी-डॅकनेही तिच्यावरून ‘बॉस’ नावाची आवृत्ती तयार केली. लिनक्स मिंट चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, तिच्यात मराठी लिहिता येते, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातले काहीही न पुसता, आठवडाभर वापरून पाहता येते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, तर तोच संगणक ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. अडचणीही सांगतो : काही प्रिंटर, डिजिटल सहीच्या काही किल्ल्या आणि विंडोजसाठीच लिहिलेले हिशेबाचे प्रोग्राम तिथे हट्ट करतात. ज्या कचेरीचे काम पत्रे, तक्ते आणि ईमेल एवढेच आहे, तिने लिनक्स घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशात कार्यकर्त्यांना शिकवावे, कारण सवय बदलायला महिना-दोन महिने लागतात आणि त्या काळात कुरकुर होतेच.

आणि इतके करूनही यंत्र टाकायचेच ठरले, तर ते तसेच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नका. आधी डिस्क बाहेर काढा. तिच्यावर आपल्या माणसांची खाती आहेत. नुसते ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाहीत. डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडून घ्यावी, आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे देऊन त्याची पावती फायलीला लावावी.