पाचटाचा हिशेब



कामाने मी संगणकवाली, पण आज बोलणार आहे पाचटावर. ऊस तुटला की हेक्टरी 8 ते 10 टन पाचट रानात उरतं. खोडवा ठेवायचा असेल तर ते सरीत कुजवणंच उत्तम. पण रान लगेच मोकळं करायचं असलं की काडी लावली जाते. जळोचीच्या आसपास हे आपण लहानपणापासून पाहतोय.

नीरेपलीकडे, फलटणला, यावर काम झालं. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने पाचटाचा कोळसा करणारी भट्टी तयार केली. 2002 साली या कामाला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद डब्यात भरून बाहेरून तापवायचं. आत हवा नसल्याने ते पेटत नाही, त्याचा कोळसा होतो. निघणारा वायू जळून भट्टी तापती ठेवतो. भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडल्या की चुलीला कमी धुराचं जळण मिळतं.

हाच कोळसा मातीत घातला तर त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं टिकतो. शेगडीत घातला तर हवेत परततो. दोन्ही फायदे एकाच कोळशातून मिळत नाहीत. मातीतल्या कोळशासाठी आज परदेशी कंपन्या पैसे मोजतात. त्यासाठी लागणाऱ्या वजनाच्या, नोंदींच्या हिशेबाची प्रणाली माझ्यासारखी कुणीही लिहील. पण उन्हात पाचट गोळा करणाऱ्या बाईची मजुरी त्या पैशातून आधी सुटली पाहिजे. नाहीतर काडीच स्वस्त पडेल.

ज्यांची रानं आहेत त्यांनी सांगा, हिशेब मांडायला मी बसते.