मुळशी धरण: रविवारची सहल आणि शंभर वर्षांपूर्वीचा सत्याग्रह

आजचा भाग एका दिवसात उरकणाऱ्या सहलीचा. ठिकाण, मुळशी धरण. ताम्हिणीला जाताना तुमच्यापैकी बरेच जण त्याच्या कडेने गेले असतील, टपरीवर भजी खाऊन रीलही टाकली असेल. चिंचवडहून आम्ही परवा गेलो ते हिंजवडी, माण, घोटावडे, पौड असे. भिंतीवर जाता येत नाही, पण रस्त्यावरून पाणी मस्त दिसतं.

आता नकाशा उघडा. धरण मुळा नदीवर आहे. हीच मुळा पुढे आपल्या वाकड, सांगवी, दापोडीला येते आणि भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळते. पण धरणात अडवलेलं बरंचसं पाणी या वाटेने येतच नाही. बोगद्यातून ते सह्याद्रीपलीकडे नेतात आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिरा इथल्या वीजघरात सोडतात. तिथून ते कुंडलिका नदीतून अरबी समुद्रात जातं. म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवलंय! १९२७ पासून तिथे वीज तयार होते. ती हवी होती मुंबईला, गिरण्यांना.

इंजिनिअर म्हणून मला हे भारीच वाटतं. पण या पाण्याखाली मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं आहेत. टाटांच्या कंपनीसाठी इंग्रज सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या. १९२१ च्या रामनवमीला शेतकरी कामाच्या जागेवर सत्याग्रहाला बसले. बायकाही होत्या. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. नेते पांडुरंग महादेव बापट. एडिनबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला माणूस धरणाच्या विरोधात उभा राहिला! ‘सेनापती’ ही ओळख त्यांना इथेच मिळाली. १९२४ च्या अखेरीस त्यांनी कामावरची रेल्वे पिस्तूल घेऊन अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

लढा हरला. त्यामागची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच जमिनी सावकारांकडे अडकल्या होत्या. त्यांना रोख भरपाई चालणार होती. जो कसत होता, त्याला पैसे नको, जमीनच हवी होती. कागदावर मालक एक आणि चिखलात राबणारा दुसरा. मग बोलणी कुणाशी झाली असतील, तुम्हीच सांगा.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. मी हिंजवडीत लॉगिन करतो, तुमच्यातले कुणी चाकणला शिफ्टला जातात. तिथेही आधी शेतंच होती. ती कुणाची, पैसे कुणाला मिळाले, कसणारा पुढे कुठे गेला, हे आपण कधी विचारलंय का? तुमच्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला किंवा कॅन्टीनमधले काका मूळचे तिथलेच असतील, तर एकदा चहा पाजून विचारा. जे कळेल, ते मला व्हॉइस नोट करा. पुढचा भाग त्यावरच करू.

आणि हो, मुळशीला गेलात तर पाण्यात उतरू नका. भेटू!