मालक, भाडेकरू आणि नोंदलेला कागद

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, आणि समोर बसलेले मालक नि भाडेकरू, सगळ्यांना नमस्कार.

'भाडेकरू' मी मुद्दाम म्हटलं. आपल्या नोटीस बोर्डावर अजून 'भाडोत्रींनी गाड्या आत लावू नयेत' असं लिहिलेलं असतं. भाडोत्री सैन्य असतं, भाडोत्री मारेकरी असतो. ज्याची मुलं आपल्या मुलांबरोबर खाली क्रिकेट खेळतात तो भाडेकरू. एवढी दुरुस्ती कमिटीने केली तरी मी आज बोललो त्याचं चीज झालं म्हणेन.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. आज ज्या कायद्यावर मला बोलायला सांगितलंय, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, तोही ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. दोघं एका वयाचे. पण माझ्याकडे जे फ्लॅटमालक सल्ल्याला येतात, त्यांना भीती या कायद्याची नसते. त्यांना भीती असते आधीच्या कायद्याची, जो संपून आता पंचवीस वर्षं झाली. म्हणून थोडं मागे जावं लागेल.

आधीचा कायदा १९४७ चा, मुंबई भाडे कायदा. युद्ध नुकतंच संपलेलं, शहरांत माणसं लोटत होती, घरं अपुरी. तेव्हा भाडं आवरणं गरजेचंच होतं. त्या कायद्याने ढोबळमानाने १ सप्टेंबर १९४० चं भाडं पायाभूत धरलं आणि त्यालाच 'प्रमाण भाडं' म्हटलं. अडचण अशी झाली की तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला. पेठांतल्या वाड्यांची काय अवस्था झाली हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. महिना दहा-वीस रुपये भाडं येणार, त्यात मालक कौलं कुठून शाकारणार? आणि भाडेकरू म्हणणार, वाडा का माझा आहे? दोघांच्या मधे भिंत तेवढी खचत गेली. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता समर्थनीय राहिलेलं नाही. त्यानंतर आला तो सध्याचा कायदा. त्यात जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, पण मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते. पागडीलाही त्याने मान्यता दिली. पागडीवर मी आज बोलत नाही, तो स्वतंत्र संध्याकाळीचा विषय आहे.

भीतीचं खरं मूळ मात्र १९७३ मध्ये आहे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लीव्ह अँड लायसन्सवर राहत होते, म्हणजे केवळ परवानगीने, तात्पुरते, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. संरक्षित भाडेकरू. ज्यांनी विश्वासाने अकरा महिन्यांसाठी खोली दिली होती त्यांची खोली कायमची गेली. तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी एक वाक्य आहे, 'एकदा आत शिरला की निघत नाही.' आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने मुलाला. त्या मुलाने आता तीन फ्लॅट घेतलेत आणि दोन कुलपात ठेवलेत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. सगळी काही भीतीपोटी रिकामी नसतील, पण आपल्याच आवारात वर पाहिलं तर काही खिडक्या वर्षानुवर्षं उघडलेल्या दिसत नाहीत, आणि समोरच्या रस्त्यावर दोन मुलं बॅगा घेऊन एजंटाच्या मागे फिरताना दिसतात.

आता आजचा कायदा काय म्हणतो? कलम २४ आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि लायसेन्सी गेला नाही, तर मालकाने दिवाणी दावा लावून बसायचं कारण नाही. 'सक्षम प्राधिकारी' म्हणून वेगळा अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यावर लायसेन्सीला आपोआप बचाव मांडता येत नाही, तीस दिवसांत त्याने बचावाची परवानगी मिळवावी लागते. मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा. तिथेही तारखा पडतातच, मी काही स्वप्न विकायला आलेलो नाही. पण आजोबांच्या काळासारखी पिढ्या खाणारी लढाई ती नव्हे. लक्षात ठेवा, हे कलम राहत्या जागेपुरतं आहे. खाली दुकानाचा गाळा दिला असेल तर रस्ता वेगळा.

हे सगळं बळ मिळतं ते कागदाला. आणि इथेच आपले लोक पंधराशे रुपये वाचवायला जातात.

अकरा महिन्यांचा करार करायचा म्हणजे नोंदणी लागत नाही, असं इथे किती जणांना वाटतं? हात वर करू नका, मला अंदाज आहे. ही समजूत आली १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सगळ्यांनी अकरा महिने पकडले. पण महाराष्ट्रात आपल्या भाडे कायद्याचं कलम ५५ लागू आहे. ते म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. तीन महिन्यांचा असो, अकरा महिन्यांचा असो, तीन वर्षांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद सोडा, त्याहून जड गोष्ट पुढे आहे: करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर कितीही सुंदर टाइप केलं तरी नव्हे.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. ओळखीतल्याच कुटुंबाला फ्लॅट दिलेला, नोटरी केलेला कागद. ओळखीच्यात कशाला एवढं, हा विचार. वर्षभराने फ्लॅट मागितला तर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'बाई, मी लायसेन्सी नाही, मी भाडेकरू. आपलं तसंच ठरलं होतं.' बाईंकडे उलट दाखवायला काय होतं? तो नोटरीचा कागद. मग लघुवाद न्यायालय. पेन्शनीतून माझी फी भरताना त्यांना होणारा त्रास मला दिसत होता, आणि ती मी पूर्ण घेतली नाही हे सांगतो, म्हणजे उद्या कोणी गैरसमज करून घेणार नाही.

खर्च किती येतो ते एकदा ऐका. महिना वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने. एकूण भाडं दोन लाख वीस हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. पावणेसहाशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. वर ऑनलाइन नोंदणीची किरकोळ फी, आणि एजंट घरी मशीन घेऊन अंगठा घ्यायला आला तर त्याचे वेगळे. हा खर्च कोणी करायचा ते दोघांनी ठरवावं. बहुतेक ठिकाणी अर्धा-अर्धा करतात, त्यावरून भांडू नये.

आता भाडेकरूंच्या बाजूने. डिपॉझिटला आपल्या कायद्यात कमाल मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. म्हणून डिपॉझिट परत कधी द्यायचं, रंगाचे पैसे कापायचे की नाही, किती कापायचे, हे करारातच लिहा. 'घर सोडताना बघू' म्हणणारा मालक घर सोडताना दिसतच नाही. आत येताना भिंतींचे, नळांचे, गिझरचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

आणि 'हेवी डिपॉझिट'पासून सांभाळून. दहा लाख द्या, भाडं शून्य, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली ताबा घ्यायला येते. तेव्हा तुमच्या लायसन्सच्या जोरावर बँकेला अडवता येत नाही, आणि दहा लाख त्या मालकाकडून वसूल करायचे ज्याला हप्ते भरता आले नाहीत. पैसे देण्यापूर्वी फ्लॅटवर बोजा आहे का, हे सोसायटीच्या ऑफिसात येऊन विचारा.

भाडेकरू जात नाही म्हणून कुलूप बदलायचं, सामान जिन्यात काढायचं, हेही चालत नाही. अशा माणसाला सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मागता येतो, मालकी कोणाची हा प्रश्न तिथे येतच नाही. पाणी, वीज तोडणं कलम २९ प्रमाणे मालकालाही मना आहे. सोसायटीला तर प्रश्नच नाही.

सोसायटीचं नाव निघालंच तर दोन शब्द कमिटीला, माझ्या जिवावर उदार होऊन. सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवणं लागतं. नोंदलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच फाइलला लावा, इथपर्यंत तुमचं काम. पोलिसांना कळवण्यात मालकांनी टाळाटाळ करू नये, ते आदेश मोडणं हा गुन्हा आहे. ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. सेवाशुल्क अठराशे असेल तर एकशेऐंशी. आणि आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण राहत असेल तर तेही नाही. मागल्या सर्वसाधारण सभेत 'बॅचलरना फ्लॅट देऊ नये' असा ठराव मांडायची चर्चा होती. मी तेव्हा बोललो होतो, आज पुन्हा बोलतो. आदर्श उपविधींत मला असं वाक्य सापडलेलं नाही. दंगा केला, कचरा जिन्यात टाकला, तर सभासदाला नोटीस काढा, तो जबाबदार आहे. पण तीन मुली नोकरीसाठी लातूरहून आल्या म्हणून त्यांना नाकारण्याचा अधिकार या सोसायटीला कोणी दिलेला नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आज बंगळुरूला, हैदराबादला तीन-तीन जणांत फ्लॅट घेऊन राहतात.

मघाशी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे, मुलगा अमेरिकेत आहे, फ्लॅट त्याच्या नावावर, भाड्याने द्यायचाय. काकू, मुखत्यारपत्र करून घ्या, त्याशिवाय तुम्हाला सही करता येणार नाही. आणि मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरावा लागतो, अगदी भाडं कमी असलं तरी. इथल्या मालकाला लागणारी महिना पन्नास हजारांची मर्यादा तिथे लागू नाही. हे भाडेकरूला आधी सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी त्याला नोटीस येते आणि तो तुमच्या दारात उभा राहतो.

मराठीत लिहिलेला कराराचा एक नमुना मी ऑफिसात ठेवला आहे. त्यातल्या डिपॉझिटच्या आणि सोडण्याच्या नोटिशीच्या रकाना आपापल्या ठरावाप्रमाणे भरायच्या. चहा आला आहे, राहिलेले प्रश्न चहाबरोबर घेऊ.