बुडालेल्या गाडीचं काय करायचं?

मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो. आज सांगणार आहे ती माझ्या एका चुकीची आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांच्या डोकेदुखीची गोष्ट.

ऑगस्ट 2024 च्या शेवटी बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला. रस्त्यांवर मगरी फिरत असल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आम्ही समा भागात राहतो. आमच्या दारात मगर आली नाही, पण वडिलांची 2011 ची पेट्रोल हॅचबॅक दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात उभी होती.

पाणी ओसरलं. मी गाडी धुतली, आत बसलो आणि किल्ली फिरवली. हीच ती चूक. ‘ठक्’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं. झालं असं, की एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, त्याला जागा मिळाली नाही, आणि वाकला तो कनेक्टिंग रॉड. म्हणून आधी हे ऐकून ठेवा: गाडी पाण्यात होती ना, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि गाडी ओढत गॅरेजला न्यायची. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहेच, पण तसं दिसलं नाही म्हणून स्टार्टर मारू नका. आमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यामुळे तिथे काही मिळणार नव्हतं. पूर्ण विमा असला तरी पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसताना कंपन्या सहसा पैसे देत नाहीत.

आता आमच्यापुढे तीन आकडे आले. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उघडून रॉड, बेअरिंग, गॅस्केट, सगळं मिळून 48,000. एक दलाल जशी आहे तशी 60,000 ला न्यायला तयार होता. आणि भंगारात, वजनावर, साधारण वीस हजार. वडील म्हणाले, “अठ्ठेचाळीस घाल, गाडी लाखाची होते. जूनमध्येच चार टायर घातलेत.” टायरांचा उल्लेख त्या तीन आठवड्यांत रोज झाला. पण टायरांचे पैसे गेले ते गेले. गाडी दुरुस्त करा, विका किंवा तोडा, ते परत येत नाहीत. हे मी बँकेत लोकांना शिकवतो, घरी मात्र सांगायला चार दिवस लागले.

खरा प्रश्न वेगळाच होता. हेड गॅस्केट गेलं असतं, क्लच गेला असता, तर मी डोळे मिटून दुरुस्ती केली असती. अशा बिघाडाला शेवट असतो: भाग बदलला, काम संपलं. पुराच्या पाण्याचं तसं नाही. मी मेकॅनिकला पुढच्या सीटा काढून कार्पेट उचलायला लावलं. या कामाचे त्याने पाचशे रुपये घेतले, आणि संपूर्ण प्रकरणात माझे सत्कारणी लागलेले पैसे म्हणाल तर तेवढेच. खाली बोटभर गाळ होता. वायरिंगच्या कनेक्टरांवर हिरवट थर चढायला लागला होता. एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये, अगदी फरशीलगत असतं. आमच्या गाडीतही तिथेच, म्हणजे पाण्यात. इंजिन नीट झालं असतं, पण धडक बसल्यावर एअरबॅग उघडेल याची खात्री कोण देणार? शिवाय 2026 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरणार होती. एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 झाली आहे, आणि फिटनेस तपासणीही आलीच. म्हणजे 48,000 घालून हातात काय आलं असतं? जेमतेम दोन वर्षांची, भरवसा नसलेली गाडी.

मग साठ हजार घ्यायला काय हरकत होती? दलालाने स्वतःच सांगितलं की धुऊन, पॉलिश करून ती दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू. त्याच संध्याकाळी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंचा मुलगा आला. त्याला गाडी हवी होती. “दादा, सत्तर हजार देतो, हप्त्यांनी.” मी त्याला गॅरेजमध्ये नेलं आणि गाळ दाखवला. तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आईला यात बसवणार होतो.” त्यानंतर दलालाला फोन करणं मला जमलं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसालाही आई असणारच.

दलालाकडे न जाण्याचं एक रोखठोक कारणही होतं. तो आरसी त्याच्या नावावर करणार नव्हता, गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती माझ्या वडिलांच्याच नावावर राहिली असती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे की गाडी चार हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यात हे कशाला बांधायचं? म्हणून कुठल्याही राज्यात गाडी विका, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून थांबू नका. वाहन पोर्टलवर नवं नाव चढलेलं बघा, मगच सुटलात.

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याबाबतही तेच. तो पत्रा कापतो, पण तुमची नोंदणी तशीच जिवंत राहते, आणि नंबर प्लेट कुठे जाते ते देवाला ठाऊक. आम्ही सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गेलो. कर्जाचा बोजा नाही, गाडी चोरीची नाही, हे ते तपासतात. मग ठेव प्रमाणपत्र देतात आणि आरसी रद्द होते. त्या प्रमाणपत्रावर नवी खाजगी गाडी घेताना रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे. किती द्यायची ते राज्य ठरवतं, तेव्हा आधी आपल्या आरटीओत विचारा.

आम्हाला 21,400 मिळाले. गाडी न्यायला क्रेन आली, तेव्हा वडिलांनी डॅशबोर्डवरचा गणपती काढून घेतला आणि क्रेनवाल्याला म्हणाले, “टायर नवे आहेत हो.”

आता प्रश्न घेऊ. तिकडे मागच्या रांगेतल्या काकांचा हात केव्हाचा वर आहे.