डेबियनचे पॅकेज संगणकापर्यंत कसे पोहोचते?

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. तिच्यात सॉफ्टवेअर ‘डेब’ पॅकेजच्या रूपात मिळते. मूळ कर्त्याने खुला केलेला सोर्स कोड घेऊन स्वयंसेवक त्याचे पॅकेज बांधतात. तयार प्रोग्रॅमबरोबर त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादीही त्यात असते.

नवे पॅकेज सहसा आधी ‘अनस्टेबल’ शाखेत येते. काही दिवसांत गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते, पुढे त्यातूनच ‘स्टेबल’ आवृत्ती निघते.

पॅकेजांच्या प्रती जगभरच्या मिरर सर्व्हरवर असतात. वापरकर्त्याने आज्ञा दिली, की ‘ॲप्ट’ हा प्रोग्रॅम पॅकेज आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे उतरवून घेतो, डिजिटल सहीच्या आधारे ती अस्सल असल्याची खात्री करतो आणि मगच संगणकावर बसवतो.